मिलीबगवर सोडलेले भुंगेरे: एका जैविक कीडनियंत्रण सेवेचे हंगामभराचे परीक्षण

औसा तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. पूर्वी ती चार एकर होती. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी टँकरवर सगळी बाग जगवणे शक्य झाले नाही आणि निम्म्या वेली स्वतःच्या हाताने तोडाव्या लागल्या. तेव्हापासून बागेवर होणारा प्रत्येक खर्च आणि त्याचा परिणाम वहीत टिपून ठेवण्याची सवय लागली. पुढील मजकूर त्या वहीच्या आधारानेच लिहिला आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पूर्णवेळ शेतीत उतरलो, त्यामुळे गावात अजूनही लोक मला गुरुजीच म्हणतात आणि माझ्या बागेतील प्रयोगांकडे थोड्या गमतीने पाहतात.

गेल्या हंगामात मी एका खासगी पुरवठादाराकडून पिठ्या ढेकणाच्या, म्हणजे आपण सगळे ज्याला मिलीबग म्हणतो त्या किडीच्या, जैविक नियंत्रणाची सेवा घेतली. त्यात क्रिप्टोलेमस जातीचे भुंगेरे दोन खेपांत पुरवणे, बागेला दोन भेटी देणे आणि हंगामभर फोनवर सल्ला देणे या गोष्टी होत्या. दोन एकरांसाठी एकूण 16,000 रुपये मोजावे लागले. पुरवठादाराचे नाव मी जाणीवपूर्वक देत नाही, कारण ज्या उणिवा मला आढळल्या त्या एकट्या त्याच्याच असतील असे मला वाटत नाही; आपल्या भागात जैविक माल ज्या रीतीने विकला जातो, त्या रीतीतच त्यांचे मूळ आहे.

मिलीबग ही कीड औषधाला का दाद देत नाही, हे ज्याने ओलांड्यावरची, म्हणजे वेलीच्या मांडवावर पसरलेल्या आडव्या फांदीवरची, सुटलेली साल नखाने उचलून पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. सालीखालच्या फटीत, खोडाच्या खाचेत आणि पुढे घडाच्या देठापाशी ती बसते, अंगावर मेणचट पांढरे आवरण असल्यामुळे फवारणीचे पाणी तिच्यावरून ओघळून जाते, आणि मादी कापसासारख्या पुंजक्यात काही शे अंडी घालत असल्यामुळे वरचे किडे मेले तरी पंधरा दिवसांत खालून नवी पिल्ले चालू लागतात. द्राक्षातील खरी अडचण त्याहून पुढची आहे. मण्यात पाणी उतरू लागल्यावर ही कीड घडात शिरते, आणि नेमक्या त्याच वेळी काढणी जवळ आल्यामुळे कीटकनाशकाला हात लावता येत नाही. तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रावावर काळी बुरशी वाढते. असा घड व्यापारी दुरूनच ओळखतो आणि हातातही घेत नाही. गेल्याच्या आदल्या वर्षी मी खुणा करून ठेवलेल्या वीस वेलींवर दर आठ घडांमागे एक घड या कारणाने बाद झाला होता, आणि तोही दोन आळवण्या (मुळाशी औषधाचे पाणी ओतणे) व चार फवारण्या करून.

क्रिप्टोलेमस हा मूळचा ऑस्ट्रेलियातील लहानसा ढालकिडा आहे. जेमतेम चार-पाच मिलिमीटर लांबीचा, गडद काळपट तपकिरी पाठीचा, डोके आणि मागचे टोक नारिंगी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागांत तो मिलीबगवर सोडला गेला, आणि 1898 साली कॉफीवरील खवलेकिडीसाठी तो भारतात आणण्यात आला. म्हणजे आपल्याकडे हे तंत्र नवे आहे असे जे विक्रेते सांगतात, ते खरे नाही. प्रयोगशाळेत त्याची पैदास लाल भोपळ्यावर करतात. आधी भोपळ्यावर मिलीबग वाढवायचे आणि मग त्यावर भुंगेरे सोडायचे. प्रौढ भुंगेरा आणि त्याची अळी, दोन्ही मिलीबग खातात, आणि मादी आपली अंडी मिलीबगच्या अंड्यांच्या पुंजक्यातच घालते, त्यामुळे बाहेर पडलेल्या अळीला अन्न शोधत फिरावे लागत नाही.

पहिली खेप ऑगस्टच्या अखेरीस मागवली होती. एकरी दोन हजार या हिशेबाने चार हजार भुंगेरे, छिद्रे पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बरण्यांत, कागदाच्या पट्ट्यांसह यायचे होते. ते एसटीच्या पार्सलने आले आणि एक दिवस उशिरा आले. लातूरच्या स्थानकावरून खोके घेऊन मी घरी आलो, ओसरीवर वर्तमानपत्र पसरून एक बरणी उघडली, तर तळाशी मेलेल्या भुंगेऱ्यांचा मिरीच्या दाण्यांसारखा थर साचलेला होता. मी आणि माझ्या पुतण्याने एका बरणीतील मेलेले व जिवंत वेगळे करून मोजले. साधारण तिसरा हिस्सा मेलेला निघाला. फोटो पाठवून कळवल्यावर पुरवठादाराने वाद न घालता पुढच्या खेपेत निम्मी भरपाई देण्याचे कबूल केले आणि ती दिलीही. हा व्यवहार मला समाधानकारक वाटला, पण पूर्ण समाधानकारक नाही, कारण जिवंत माल उन्हाच्या दिवसांत दुपारच्या गाडीने पाठवायचा नसतो, ही गोष्ट विकणाऱ्याला घेणाऱ्याच्या आधी कळायला हवी.

भुंगेरे सोडण्यापूर्वी करायच्या कामांबाबत मात्र त्यांच्या प्रतिनिधीने दिलेला सल्ला चोख होता, आणि माझ्या मते 16,000 रुपयांतील मोठा भाग त्या एका भेटीतच वसूल झाला. हातात भिंग घेऊन तो तरुण तासभर ओळीओळीने फिरला आणि त्याने मला किडीपेक्षा मुंग्याच जास्त दाखवल्या. मिलीबगच्या गोड द्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना व त्यांच्या अळ्यांना हुसकावून लावतात, त्यामुळे मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय भुंगेरे सोडणे म्हणजे पैसे बांधावर उधळणे आहे, हे त्याने स्पष्ट सांगितले. आम्ही सुटलेली साल काढून गोळा करून जाळली, वारुळे खणून मोडली आणि प्रत्येक खोडाभोवती चिकट पट्टी गुंडाळली. तीन दिवसांनी पाहतो तो मुंग्या पुन्हा ओलांड्यावर हजर. खोडाची वाट बंद झाल्यावर त्यांनी मांडवाच्या लोखंडी अँगलची आणि बागेच्या टोकाच्या ताणाच्या तारेची वाट धरली होती. मग अँगललाही पट्ट्या लावल्या, आणि जमिनीला टेकणाऱ्या सगळ्या फुटी काढून टाकल्या. ही अँगलची गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात मला दिसली नाही, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवतो.

भुंगेरे सूर्य मावळताना सोडले. बरणीचे झाकण काढून ती ओलांड्याच्या दुबेळक्यात आडवी ठेवली की ते एकदम उडत नाहीत. काठावर येतात, थांबतात, पंख झाडतात आणि मग सालीवरून चालत निघतात. जिथे मिलीबग जास्त दिसत होते त्या ओळींत बरण्या अधिक ठेवल्या.

यानंतर जी चूक झाली, ती या सेवेतील सर्वांत मोठी उणीव दाखवते. सप्टेंबरच्या मध्यावर आमच्याकडे अनेक वर्षांपासून कामाला येणाऱ्या मावशी वांझफुटी, म्हणजे घड नसलेल्या फुटी, काढत होत्या. दुपारी मला हाक मारून त्या कौतुकाने म्हणाल्या, “गुर्जी, यंदाचे ढेकणं लईच मोठाले हायत बगा. मी दोन वळी चिरडून काढल्या.” जाऊन पाहिले तर सालीवर जे पांढरे, झिपऱ्या मेणतंतूंचे किडे शिल्लक होते, ते मिलीबग नव्हतेच, त्या क्रिप्टोलेमसच्या अळ्या होत्या. या अळीच्या अंगावर मिलीबगसारखेच, पण त्याहून लांब आणि विस्कटलेले पांढरे तंतू असतात, आणि पूर्ण वाढलेली अळी मिलीबगच्या दुप्पट-तिप्पट दिसते. मावशींची यात काही चूक नव्हती. आयुष्यभर पांढरे दिसले की चिरडा, असेच आपण मजुरांना शिकवले आहे. फरक ओळखायला सोपा आहे: काडीच्या टोकाने हलकेच स्पर्श केला की अळी तरातरा चालू लागते, मिलीबग जागचा फारसा हलत नाही, आणि तो चिरडला तर गुलाबीसर पाणी निघते. बरणीसोबत आलेल्या चार पानी रंगीत पत्रकात प्रौढ भुंगेऱ्याची तीन छायाचित्रे होती, कंपनीला मिळालेल्या पुरस्काराचे एक होते, अळीचे मात्र एकही नव्हते. पत्रकही हिंदी आणि इंग्रजीतच होते. अळीचे एक ठळक छायाचित्र आणि खाली मराठीत “हिला मारू नका” एवढे तीन शब्द छापले असते, तर माझ्या दोन ओळी वाचल्या असत्या. मी नंतर एक अळी काचेच्या बाटलीत ठेवून सगळ्या बायकांना दाखवली आणि त्यांनीच तिचे नाव “झिपरी” ठेवले. त्यानंतर एकही झिपरी मेली नाही. उलट कुठे दिसली तर मला मुद्दाम बोलावून दाखवण्याची चढाओढ लागली.

दुसरी तक्रार सोबत विकलेल्या बाटल्यांची आहे. सेवेच्या रकमेत नसलेल्या, पण “घेतल्याच पाहिजेत” अशा आग्रहाने प्रतिनिधीने जानेवारीत मला लेकॅनिसिलियम बुरशीचे द्रावण घ्यायला लावले. ही बुरशी किडीच्या अंगावर रुजून तिला मारते हे खरे आहे, परंतु रुजण्यासाठी तिला दमट हवा लागते. ऑगस्ट-सप्टेंबरमधील भुरभुर पावसात, संध्याकाळी फवारली तर ती काम करते. जानेवारीत आपल्याकडे ओठ फुटतात अशा कोरड्या हवेत तिच्याकडून काही अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. मी ती चार ओळींत फवारून पाहिली आणि शेजारच्या न फवारलेल्या चार ओळींशी ताडून पाहिले, तेव्हा मला काहीही फरक दिसला नाही. पहिल्या भेटीत मुंग्यांबद्दल इतके नेमके बोलणारा माणूस दुसऱ्या भेटीत हवेतील दमटपणाचा विचार न करता बाटली विकतो, याचे मला वाईट वाटले. महिन्याअखेरीचे विक्रीचे उद्दिष्ट डोक्यावर असावे, असा माझा अंदाज आहे.

याच संदर्भात एक गोष्ट सांगतो, जी या पुरवठादाराची नव्हे, तर तालुक्याच्या गावातील एका कृषी सेवा केंद्राची आहे. तेथे ट्रायकोडर्मा या रोगनियंत्रक बुरशीची पाकिटे पत्र्याच्या छपराखाली, सरळ उन्हाच्या तिरिपेत रचलेली होती. एका ग्रॅममध्ये किमान वीस लाख जिवंत बीजाणू असल्याचे पाकिटावर छापले होते, पण वापरण्याची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली होती. विचारल्यावर दुकानदार म्हणाला, “गुरुजी, पावडरच आहे ती, नासते थोडीच.” रासायनिक औषधाला लावायचा हिशेब जिवंत बुरशीला लावला की असे होते. नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय मी आता कोणतेही जैविक पाकीट घेत नाही, आणि “शंभर टक्के हर्बल” असे लिहिलेल्या पण नोंदणी क्रमांक नसलेल्या बाटलीला तर हातही लावत नाही, कारण त्यात नेमके काय आहे हे माल तपासणीला गेल्यावरच कळते, आणि तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, तेव्हा बागायतदारांनी मोजलेली किंमत आपण विसरू नये.

प्रतिनिधीने पहिल्या भेटीत “कोणतेही बुरशीनाशक चालेल, फक्त कीटकनाशक टाळा” असे तोंडी सांगितले होते. मी कोणत्या औषधाचा भुंगेऱ्यावर किती परिणाम होतो याची लेखी यादी मागितली. ती हंगाम संपेपर्यंत मिळाली नाही. मिलीबगसाठी सर्रास वापरले जाणारे बुप्रोफेझिन प्रौढ भुंगेऱ्यांना फारसे बाधत नसले, तरी त्यांच्या अळ्यांची वाढ रोखते, ही महत्त्वाची गोष्ट मला दुसरीकडून समजून घ्यावी लागली.

येथे वाचकांनी एक गैरसमज करून घेऊ नये. माझी बाग प्रमाणपत्राच्या अर्थाने सेंद्रिय नाही, आणि या सेवेमुळे ती तशी होतही नाही. फळछाटणीनंतर, म्हणजे घडांसाठी ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या छाटणीनंतर, काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण हायड्रोजन सायनामाइड लावतो, आणि ते सेंद्रिय प्रमाणीकरणात बसत नाही. शिवाय द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकाला राष्ट्रीय सेंद्रिय मानकांनुसार तीन वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो. डाऊनीपुढे, म्हणजे केवडा रोगापुढे, तर माझी निष्ठा सरळ कोलमडली. पावसाळ्यात पक्व पानांवर मी एक टक्का बोर्डो मिश्रणावर भागवले: एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, आणि विळ्याचे पाते बुडवून त्यावर तांबूस थर चढत नाही ना याची जुनी परीक्षा. पण ऑक्टोबरच्या अखेरीस छाटणी होऊन कोवळी फूट निघालेली असताना परतीचा पाऊस तीन दिवस पडला, तेव्हा मी रासायनिक बुरशीनाशक फवारले आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. उडद्या या डोळे कुरतडणाऱ्या किडीसाठी मात्र औषध वापरले नाही. पहाटे वेल हलवून खाली उलटी धरलेल्या छत्रीत हे किडे झाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात ओतायचे, एवढ्यावर भागले. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क पुरला.

फळछाटणीने भुंगेऱ्यांचेही नुकसान होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. पाने आणि काड्या गेल्यावर त्यांचा आसरा जातो. छाटलेल्या काड्यांवर काही कोष राहून गेलेले मी पाहिले. रोगाच्या दृष्टीने त्या काड्या ताबडतोब बागेबाहेर न्याव्या लागतात, म्हणून त्यांचा ढीग दूर बांधावर आठ दिवस तसाच ठेवला आणि मग जाळला. छाटणीनंतर बागेत भुंगेरा क्वचितच दिसला, त्यामुळे जानेवारीतील दुसरी खेप ही चैन नव्हती, गरजच होती. ही खेप रात्रीच्या गाडीने मागवली होती, पहाटे उतरवून घेतली, आणि बरण्यांत मेलेले भुंगेरे बोटावर मोजण्याइतकेच होते.

काढणीच्या वेळी त्याच वीस वेलींवर, मिलीबगमुळे बाद झालेल्या घडांचे प्रमाण तीस घडांमागे एक असे आले. यातले किती श्रेय भुंगेऱ्यांचे, किती साल काढण्याचे आणि किती मुंग्यांच्या बंदोबस्ताचे, हे मला वेगळे करता येत नाही. माझा कल मुंग्यांकडे आहे. कीटकनाशकांच्या फवारण्या आणि आळवण्या वाचल्या, त्यांची मजुरी व डिझेल धरून सेवेचा खर्च जवळपास तेथेच भरून निघाला. भावात मात्र काही फायदा झाला नाही. हैदराबादच्या व्यापाऱ्याने घड उलटसुलट करून पाहिले, माल स्वच्छ आहे असे म्हटले आणि गावातील इतरांना दिला तोच दर दिला. कमी औषधाच्या द्राक्षाला जास्त पैसे मिळतील या आशेने कोणी ही सेवा घेणार असेल, तर त्याने आधी गिऱ्हाईक शोधावे.

ज्यांच्या बागेत मिलीबग तुरळक आहे त्यांनी माझ्या मते हा खर्च करू नये. भुंगेऱ्यांना अन्न कमी पडले की ते शेजाऱ्याच्या बागेत जातात, आणि शेजाऱ्याने त्याच दिवशी औषध फवारणारा ब्लोअर फिरवला तर तुमचे पैसेही संपतात. एप्रिल-मेमध्ये तर ते सोडूच नयेत, कारण साधारण 33 अंशांपलीकडे त्यांची भूक आणि हालचाल ढासळते आणि आपला उन्हाळा चाळिशी ओलांडतो. मुळांच्या आरोग्यासाठी मी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बायोमिक्स स्वतः जाऊन आणतो आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर आळवणी करतो. उपयुक्त बुरशी व जिवाणूंचे ते मिश्रण स्वस्त पडते आणि तिथे सल्ला देणाऱ्याला माझ्या गळ्यात आणखी एखादी बाटली मारायची नसते. पण मिलीबग चावून खाणारा किडा त्यातून मिळत नाही, म्हणून या पुरवठादाराकडे मी पुन्हा जाणार आहे. पुढच्या ऑगस्टची मागणी नोंदवताना तीन अटी लेखी घातल्या आहेत: पार्सल रात्रीच्या गाडीने यावे, अळीचे छायाचित्र असलेले मराठी पत्रक सोबत असावे, आणि बाटल्यांचा आग्रह नसावा. पहिल्या दोन अटींना होकार आला आहे. तिसरीवर प्रतिनिधी नुसता हसला.

उन्हाळाभर भुंगेऱ्यांची थोडी बीज म्हणून जपणूक व्हावी यासाठी मी घराच्या मागच्या, विहिरीकडच्या सावलीतील जास्वंदीवर मिलीबग वाढू दिले आहेत आणि त्यावर काहीही मारायला घरात बंदी केली आहे. त्यामुळे देवपूजेला फुले मिळत नाहीत, म्हणून घरात माझ्यावर नाराजी आहे. काल संध्याकाळी त्या झाडाखाली पाणी घालताना सौभाग्यवतींनी स्वतःहून हाक मारली; पानाच्या खाली एक झिपरी चालली होती. “ही तुमचीच ना?” असे विचारून त्यांनी ते पान तसेच सोडले आणि फुलासाठी शेजारणीच्या अंगणात गेल्या.